मार्सेलिन तांडेलचा ताड

प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी, रविवारी, सकाळपासून गॅब्रियल आपल्याच चित्रासमोर पाच वेळा जाऊन उभा राहिला होता. दरवेळी परक्या माणसासारखं तोंड करायचं, एक डोळा मिटायचा आणि मान डोलवायची. पाचही वेळा चित्र त्याला आवडलं.

साल १९३८. उत्तनशेजारच्या डोंगरी गावातल्या कलासंग्रहालयाचं हे तिसरं निसर्गचित्र प्रदर्शन. संग्रहालय म्हणजे शाळेमागच्या दोन खोल्या आणि निवृत्त ड्रॉइंग मास्तर कॉन्रॅड. आसपासच्या कुणीही आपल्या भागाचं चित्र काढून आणावं, मास्तरांनी ते टांगावं, आणि शेवटच्या दिवशी मुंबईहून आलेल्या परीक्षकांनी त्यातलं एक निवडावं. निवडलेलं चित्र भिंतीवर कायमचं राही. बाकीची घरी जात आणि कोंबड्यांच्या खुराड्याला दार म्हणून उपयोगी पडत.

गॅब्रियल होड्या रंगवायचा. उत्तनपासून गोराईपर्यंत निम्म्या होड्यांवरची नावं त्याच्या हातची. पण खारं पाणी कुणाचं अक्षर ओळखत नाही; वर्षभरात सगळं खरवडून पुन्हा काढावं लागे. आपल्या हातचं एखादं तरी काम न खरवडता राहावं, एवढाच त्याचा हट्ट होता. त्यासाठी तो मार्सेलिन तांडेलच्या होडीतून समुद्रात गेला, तीनदा ओकला, आणि नांगर टाकलेल्या होडीतून गाव जसं दिसलं तसं त्याने कागदावर उतरवून आणलं. मग घरी बसून होडीच्या उरलेल्या रंगांत रंगवलं.

चित्रासमोर बायकांची ही गर्दी! त्यांनी आपलं गाव समुद्राकडून कधी पाहिलंच नव्हतं.

"आपलं घर कुठं हाय?" त्याच्या बायकोने, फ्लोरिनने विचारलं.

"देवळाच्या मागं." तिथे चर्चला सगळे देऊळच म्हणत.

"म्हणजे दिसत न्हाय. आन् याच्यासाठी तीन आठवडे माझं जेवण थंड केलंस?"

अकरा वाजता मार्सेलिन तांडेल आला. समुद्रातून सगळ्यात जास्त घोळ मासा आणणारा नाखवा तो. चित्रासमोर आला, बघितलं आणि पांढरा पडला. दुसऱ्या क्षणी तो चित्राला पाठ लावून दोन्ही हात पसरून उभा होता.

"मास्तर, हे काढा."

मग तो गॅब्रियलच्या कानात कुजबुजला. जन्म समुद्रावर गेलेला, त्यामुळे त्याची कुजबुज दोन होड्यांपलीकडे ऐकू जाई.

"अरे, ताडाचा शेंडा देवळाच्या क्रुसाला टेकवलास! टेकड्यांच्या मधी चिंच बी बसवलीस! ही माझी घोळीची जागा हाय!"

समुद्रावर पाट्या नसतात. किनाऱ्यावरचं कोणतं झाड कुठल्या शिखराला टेकलेलं दिसतं, त्यावरून तांडेल आपली जागा ओळखतो आणि ती खूण बायकोलाही सांगत नाही. ती आता चौकटीत घालून भिंतीवर टांगली होती. आणि चार वाजता गोराईचे कोळी प्रदर्शन बघायला येणार होते.

"ताड दोन बोटं सरकव," मार्सेलिन म्हणाला.

"न्हाय सरकवणार. ताड जिथं हाय तिथंच ऱ्हाईल."

"खाली उतरवलं तर ते निवडीतून बाद," मास्तरांनी नियम सांगितला. नियम त्यांनीच केला होता, त्यामुळे त्यांना तो फार प्रिय होता.

"चित्रातला ताड सरकत नसंल तर खरा तोडा," फ्लोरिन म्हणाली.

सगळे हसले. मार्सेलिन तेवढा हसला नाही, कारण ताड त्याच्या परसात होता. हसणारे एकेक करून त्याच्याकडे बघू लागले.

"माझ्या बापानं लावलेला हाय. रोज दोन मडकी ताडी देतो."

"आन् घोळ किती देते?" त्याच्याच होडीवरच्या एकाने विचारलं.

"पण ताड गेला तर आपल्यालाच जागा कशी घावणार?" दुसऱ्याला शंका आली.

"माझ्याकडं आणखी एक खूण हाय." मार्सेलिनने गॅब्रियलकडे जळजळीत पाहिलं. "ती या माणसाला मरेपर्यंत दाखवणार न्हाय!"

तो निघाला. मागोमाग दहाबारा जण कुऱ्हाडी शोधत धावले. गॅब्रियल चित्राजवळच उभा राहिला. प्रत्येक घाव खिडकीतून ऐकू येई आणि त्याला एकाच वेळी वाईटही वाटे, गुदगुल्याही होत. त्याच्या चित्रासाठी गाव बदलत होतं! साडेतीनला धडाम् झालं. भिंतीवरची सगळी चित्रं वाकडी झाली. मास्तरांनी ती शांतपणे सरळ केली.

चार वाजता गोराईचे सात जण आले आणि नेमके गॅब्रियलच्या चित्रासमोर थांबले. त्यांच्या तांडेलने खिशातून पेन्सिल काढली, विडीच्या कागदावर काहीतरी आखलं, अंगणात गेला, गावाकडे बघितलं आणि परत आला.

"यातला ताड कुठं हाय?"

मुंबईहून नुकतेच आलेले परीक्षक चष्मा पुसत पुढे आले. "मीही येताना गाव बघत आलो. क्रूस आहे, टेकड्या आहेत, चिंचही आहे. काय हो चित्रकार, हा ताड खरंच आहे का तिथं?"

गॅब्रियलने जन्मात नसलेली रेघ ओढली नव्हती. होडीवरच्या नावातली एक वेलांटीसुद्धा पदरची नव्हती. त्याने आजूबाजूला पाहिलं. सगळं गाव त्याच्या तोंडाकडे बघत होतं. दारात मार्सेलिन उभा होता. केसांत लाकडाचे कपचे, हातात कुऱ्हाड.

"न्हाय साहेब," गॅब्रियल म्हणाला. "तिथं ताड न्हाय."

आणि ते अगदी खरं होतं.

"वा!" परीक्षकांनी टाळीच वाजवली. "बाकी सगळ्यांनी दिसलं ते काढलं. या माणसाने कल्पनेतून ताड उभा केला! हेच चित्र राहणार."

गोराईच्या तांडेलने कागद चुरगळला. "कल्पना! मग त्या टेकड्या तरी खऱ्या कशावरून?"

गॅब्रियलने रागाने तोंड उघडलं. फ्लोरिनने त्याच्या पायावर पाय दिला. त्याने तोंड मिटलं.

कायमच्या भिंतीवर खिळा ठोकायला हातोडी सापडेना, तेव्हा मार्सेलिनच पुढे झाला आणि त्याने कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूने चार घाव घातले. चित्र टांगून तो मागे सरला, चित्रातल्या आपल्या ताडाकडे बराच वेळ बघत राहिला.

"झकास काढलायस," शेवटी तो म्हणाला. "पण पुन्हा माझ्या होडीत बसशील तर डोळं बांधून बस."