रणकेतूचा शेवटचा भाग

महाळुंगे पडवळ या गावी अक्षदा सून म्हणून आली, तेव्हा तिच्या रुखवतात एक जाडजूड कॉमिक्सही होतं. जुन्नरला तिच्या माहेरच्या गल्लीत दस्तगीरचाचांचं पुस्तकबांधणीचं दुकान, आणि तिथंच कॉमिक्स भाड्यानं मिळायची. शाळेत असल्यापासून ती तिथली कायमची गिऱ्हाईक. लग्न ठरलं तसं चाचांनी मुखवटेवाल्या रणकेतूच्या हिंदी मालिकेचे तोवर आलेले सगळे भाग एकत्र शिवले, वर लाल कापडाचा पुठ्ठा चढवला आणि आहेर म्हणून तिच्या हातात ठेवले. "भांडीकुंडी काय, सगळेच देतील बेटा," ते म्हणाले.

सासरची माणसं चांगली होती. नवरा गोरख मंचरला ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात कामाला. सकाळी जायचा, दिवेलागणीला यायचा. सासूबाई ठमाबाईंचं तोंड दिवसभर चालू. सासरे धर्माजी मात्र भारदस्त गडी. बांधाची भांडणं मिटवायला लोक त्यांना बोलवायचे. सुनेनं त्यांच्यासमोर पदर घ्यायचा, थेट बोलायचं नाही, ही घराची रीत. लग्नाला चार महिने झाले तरी अक्षदानं सासऱ्यांचा चेहरा नीट पाहिला नव्हता. पायातल्या वहाणा तेवढ्या ओळखीच्या.

लाल पुस्तक माजघरातल्या फडताळात असायचं. दुपारची कामं उरकली की ती ते घेऊन बसायची. एकदा पानांत तंबाखूची चुरी सापडली. तिनं गोरखला विचारलं. तो म्हणाला, "मी? मी आपली लग्नपत्रिकासुद्धा पुरती वाचली न्हाई!"

मग एका दुपारी ती कांदे आणायला कांदाचाळीत गेली. आत धर्माजी पोत्यावर बसलेले. नाकाच्या शेंड्यावर चष्मा, मांडीवर लाल पुस्तक, आणि ओठ पुटपुटताहेत. हिंदी वाचायची सवय नव्हती, म्हणून एकेक शब्द लावून वाचणं चाललं होतं. चाहूल लागताच त्यांनी पुस्तकावर रिकामं पोतं ओढलं आणि उगाच एक कांदा दाबून पाहिला. अक्षदा कांदे न घेताच परत आली. चुलीपुढं बसून तोंडात पदर घालून हसली.

दोन-तीन दिवसांनी रात्री जेवताना धर्माजी ताटाकडं बघत बायकोला म्हणाले, "तिला इचार, काळकुटानं ह्याचं आख्खं गाव धरणात बुडवलं. आता तो कड्यावर लोंबकळतोय, तर हा रणकेतू त्याला वर काढतो. ह्याला काय अर्थ हाय?"

"कोण कड्यावर लोंबकळतंय?" ठमाबाई दचकल्या.

अक्षदानं भाकरी थापता थापता हळूच उत्तर दिलं, "आत्या, मामांना सांगा, सोडून दिला असता तर त्याच्यात आणि काळकुटात फरक काय राहिला?"

"ही म्हणती, फरक काय राह्यला."

"फरक कसा न्हाई? तिला म्हणावं, इंचू पायतानाखाली आला तर आपण त्याला उचलून बाजूला ठेवतो का?"

"आत्या, काळकूट माणूस आहे. विंचू नाही."

"ही म्हणती, त्यो इंचू... आता काय म्हणालीस गं तू?"

हे असं रोज चालू झालं. सहाव्या भागापासून चित्रकार बदलला होता, त्यावरून आठवडाभर जुंपली. अक्षदाला नवा पसंत होता. त्याच्या चित्रांत माणसाच्या डोळ्यांतलं दिसायचं. धर्माजींचा त्याच्यावर राग. "डोळं ऱ्हाऊ दे. बैलाचं वशिंड कुठं काढलंय बघ म्हणावं. पार पाठीच्या मध्यावर! बैल न्हाई, उंट हाय त्यो!" निरोप इकडून तिकडं पोचवून ठमाबाई कावल्या. एक दिवस परातीतली मेथी तशीच ठेवून त्या उठल्या. "माझं डोकं फिरायची येळ आली. तुमचं तुमी बोला. मी काय टेलिफोन हाय व्हय?"

त्या दिवसापासून सासरा आणि सून बोलायला लागले. पण घरातल्या घरात, आणि पदर डोक्यावर ठेवूनच.

लाल पुस्तक सातव्या भागावर संपत होतं. काळकूट कैदेत, रणकेतू जखमी, आणि खाली 'शेष अगले अंक में'. धर्माजींना चैन पडेना. रविवारी सकाळीच त्यांनी फेटा बांधला. "जुन्नरच्या बाजाराला जाऊन येतो. हिलाबी माहेरी भेटवून आणतो," असं म्हणाले. ठमाबाईंनी ओळखायचं ते ओळखलं.

नारायणगावला गाडी बदलून दोघं जुन्नरला उतरले ते थेट दस्तगीरचाचांच्या दुकानी. बाहेरच्या बाकावर जानकू बसला होता. एसटीत कंडक्टर, पण सुट्टीच्या दिवशी त्याचा मुक्काम इथंच. चाचांचा पुतण्या रिजवान पुण्याला चित्रकला शिकायचा, तोही आलेला. दोघांची खडाजंगी चालली होती. रणकेतूचा शेवटचा भाग नुकताच आला होता.

"वाचू नका, पावणं," जानकू धर्माजींना म्हणाला. "पार माती केली राव!"

"मला तर वाटतं, सगळ्यांत भारी भाग हाच," रिजवान म्हणाला.

धर्माजींनी अंक घेतला आणि बाकावर बसून वाचायला लागले. अक्षदा मागं उभी राहून त्यांच्या खांद्यावरून वाचत होती. तिचं पान आधी संपायचं, आणि ती पान उलटायची वाट बघत चुळबुळायची. शेवटी रणकेतू काळकुटाला कोर्टाच्या हवाली करतो. धरणाचं पाणी उतरतं, बुडालेलं गाव वर येतं. रणकेतू मुखवटा काढून दगडावर ठेवतो आणि गाळानं भरलेल्या वावरात नांगर धरतो. शेवटच्या पानावर एक शब्द नाही. लांबवर पसरलेलं रान आणि त्यात बारका दिसणारा माणूस आणि त्याचे बैल, एवढंच.

धर्माजींनी अंक मिटला. "म्हंजे? शेतीच करायची व्हती, तर मुखवटा घातला कशाला?"

"तेच म्हणतोय मी!" जानकूनं मांडीवर थाप मारली.

"मामा, असं कसं?" अक्षदा पुढं आली. "गाव परत मिळवायला तर घातला होता ना! मिळालं, मग काढला. आता कशाला पाहिजे तो?"

"अगं, पण त्याच्या अंगात हत्तीचं बळ! ते काय ढेकळं फोडण्यात घालवायचं?"

"तुम्ही नाही का घालवलं?"

ती बोलून गेली, आणि मग तिला कळलं. पदर कधीच खांद्यावर आला होता, आवाज चढला होता. नेमका तेव्हाच धर्माजींच्या भावकीतला भिका पिशवी घेऊन समोरून चालला होता. तो थबकला. "काय धर्मा," तो म्हणाला, "सून भर बाजारात तोंड वर करून सासऱ्याशी भांडती, आन तू ऐकून घेतो?"

अक्षदाचा चेहरा उतरला. तिनं पदर डोक्यावर ओढला. धर्माजींनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, परत लावला.

"भिका, तू हे वाचलंय का?"

"मी? असली पोरांची पुस्तकं?"

"मग तू मधी पडू नको. आमचं वाचलेल्या माणसांचं चाललंय." आणि सुनेकडं वळून ते म्हणाले, "हां, बोल. मी ढेकळं फोडली, मग पुढं?"

भिका पुटपुटत निघून गेला. अक्षदा परत बोलायला लागली, आणि चाचांनी सगळ्यांसाठी चहा सांगितला. धर्माजी काही शेवटपर्यंत तिच्या मताला आले नाहीत. मात्र ते शेवटचं पान त्यांनी परत एकदा उघडलं आणि बराच वेळ बघत राहिले. "हितं मात्र बैल नीट काढल्यात," एवढं कबूल केलं.

निघताना रिजवाननं पिशवीतून एक कादंबरीएवढं जाड पुस्तक काढून तिला वाचायला दिलं. परदेशी, काळ्या-पांढऱ्या चित्रांचं, शब्द जवळजवळ नाहीतच. त्यात मुखवटे नाहीत, मारामारी नाही. एक बाई अनोळखी शहरात काम शोधत फिरते, एवढीच गोष्ट. "हेपण कॉमिक्सच आहे ताई. पुढच्या रविवारी सांगा कसं वाटलं."

घरी दोन दिवसांत दोघांनी ते संपवलं. आता वाद उलटा झाला. अक्षदाला ते संथ वाटलं, दोनदा डुलकी लागली म्हणाली. धर्माजींना मात्र त्यानं धरून ठेवलं होतं. तरुणपणी ते मार्केटला माल घेऊन मुंबईला गेले होते, तेव्हा रस्ता चुकून दिवसभर भटकले होते. ते त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. ठमाबाईंनाही नाही. पुस्तकातली बाई पुलाच्या कठड्याला टेकून उभी आहे ते चित्र दाखवत त्यांनी सगळं सांगितलं.

ठमाबाईंनी हात पदराला पुसले आणि पुस्तक स्वतःकडं ओढलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकेक पान सावकाश उलटलं.

"कसं वाटलं, आत्या?" अक्षदानं विचारलं.

"चित्रं ब्येस हायेत," त्या म्हणाल्या. "पण एवढी पानं झाली, त्या बाईला एकानंबी जेवायला बस म्हणलं न्हाई. लिवणारा काय माणूस हाय का कोण!"

"अगं, तेच तर त्याला दाखवायचंय!" धर्माजी पुढं सरसावले.

"मग दाखवायचं कशाला? वाढायचं की!"

अक्षदा दोघांच्या मधे सरकून बसली, आणि त्या बाईला नेमकं कुठं वाढायला हवं होतं, ते पान शोधायला लागली.