जावई देऊन पिचर

माझा जावई पिचर; तो बॉल टाकायला उभा राहिला की आमच्या बाकावर शांतता पसरायची. त्याने चार बॉल बाहेर टाकले आणि समोरचा गडी फुकटात पहिल्या बेसवर चालत गेला, की आमचे इथले स्नेही विष्णूभाऊ चिवड्यातले दाणे शोधायला लागायचे आणि आमचे हे, म्हणजे विलास, चष्मा पुसायला घ्यायचे. सासू शेजारी बसलेली असताना जावयाला नावं ठेवायची कोणाची छाती आहे?

तुम्ही म्हणाल, पुण्याच्या सुलेखाबाईला बेसबॉलचं काय कळतं. सगळं कळतं. हे मोटारीच्या कारखान्यात लागले म्हणून आम्ही इंगोलश्टाटला आलो, तेव्हा मला जर्मनचा ओ की ठो कळत नव्हता. लेकीला, स्वरूपाला, किंडरगार्टनमध्ये सोडलं की दिवस खायला उठायचा. घरामागे बीबर या बेसबॉल क्लबचं मैदान होतं, त्याच्या बाकावर जाऊन बसायचे. तिथे कोणी काही विचारायचं नाही. पुढे अंपायरला नावं ठेवता यावीत म्हणून मी जर्मन शिकले, आणि ते असं शिकले की आता अंपायर मलाच टरकून असतात.

तर जावई. हृषिकेश नाशिकचा. जर्मनीत आखनला शिकायला आला तिथे हा खेळ शिकला, आणि नोकरी लागली न्युरेम्बर्गला. लग्न झाल्यावर दोघांनी बिऱ्हाडही तिथेच केलं. पण खेळायचं मात्र आमच्या बीबरकडून, हे मी साखरपुड्याच्या आधीच वदवून घेतलं होतं. त्यामुळे दर रविवारी दोघं गाडी काढून यायचे. मॅच झाली की आमच्याकडे जेवण, दुपारची झोप, चहा, आणि जाताना डबे. उरलेला आठवडा मी त्या रविवारची वाट बघण्यात काढायचे.

दोन हजार पंधराच्या उन्हाळ्यात मात्र बीबरची पार रया गेली. आणखी थोडं हरलो की खालच्या गटात घसरणार होतो. जुलैच्या मध्यावर खेळाडू बदलायची मुदत संपते, मग सीझनभर आहे तोच संसार ओढायचा. जुलैच्या पहिल्या रविवारीही आमचा धुव्वा उडाला आणि क्लबचे अध्यक्ष ब्रांडल बिअरचा ग्लास घेऊन माझ्याशेजारी येऊन बसले.

"आल्झो, तर मग, सुलेखा," ते म्हणाले, "आपल्याला पिचर हवा."

"पिचर आहे की," मी म्हटलं.

विष्णूभाऊंनी चिवडा खाली ठेवला. "वहिनी, राग मानू नका. हृषिकेशचा हात दुसऱ्या डावानंतर गळतो. बॉल जातो कुठे, ते त्याला कळत नाही आणि कॅचरलाही नाही."

"खांदा दुखतोय त्याचा. बरा होईल."

"वर्षभर दुखतोय," हे म्हणाले. मी यांच्याकडे असं पाहिलं की यांचा चष्मा पुन्हा पुसायला निघाला.

ब्रांडलनी मग खरी गोष्ट काढली. न्युरेम्बर्गचा क्लब आपला पिचर फेलिक्स द्यायला तयार होता. डावखुरा, उंच, बॉल जणू गोफणीतून सुटावा असा. त्याची मैत्रीण इंगोलश्टाटची, त्यामुळे त्यालाही हवंच होतं. पैशांचा प्रश्न नाही, फक्त दोन्ही क्लबांनी आपापला खेळाडू सोडायचा. आणि बदल्यात त्यांना हवा होता हृषिकेश.

"त्यांना असला पिचर कशाला हवाय?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"पिचर नव्हे. बॅटसाठी."

ते मात्र खरं होतं. हातात बॅट आली की पोरगा बदलायचा, चेहरा कसा खुलायचा त्याचा.

"तसं बघायला गेलं तर सौदा फायद्याचा आहे," हे हळूच म्हणाले.

"जावई म्हणजे काय जुना फ्रीज आहे, देऊन नवा आणायला?" मी म्हटलं. "अहो, अधिक महिना चालू आहे. या महिन्यात जावयाला वाण देतात. जावयाचं वाण देत नाहीत."

विष्णूभाऊ पोट धरून हसले, मग ते ब्रांडलना समजावून सांगायला त्यांना अर्धा ग्लास लागला. तीन वर्षांनी असा जादा महिना येतो, त्यात जावयाला बोलावून विष्णूसारखा पूजतात, गोडधोड घालतात. ब्रांडलनी मान डोलावली. "पण आम्ही हृषिकेशला विचारलं," ते म्हणाले. "तो म्हणाला, आई म्हणतील तसं."

म्हणजे सगळं आलं माझ्यावर. मी विचार करून सांगते म्हटलं आणि तरातरा घरी आले. खरं सांगू? खांदा, मान-अपमान, अधिक महिना, या सगळ्या सबबी होत्या. तो न्युरेम्बर्गकडून खेळायला लागला की रविवारी इकडे कशाला येईल? माझी लेक कशाला येईल? बीबर खालच्या गटात गेले तर दुःख होईल, पण रविवार गेला तर मी काय करू?

मुदतीच्या आधीच्या रविवारी मॅच नव्हती. मी जावयाला जेवायला बोलावलं होतं. पुरणाचे धोंडे, तूप, कटाची आमटी, सगळं साग्रसंगीत. त्याला ओवाळलं, अनारसे आणि चांदीचं निरांजन दिलं. हे म्हणाले, "बोला जावईबापू, काय हवं ते मागा." तो संकोचाने हसला. "काही नको, बाबा. आई देतायत तेच संपत नाहीये."

मी तूप आणायला आत गेले तर स्वरूपा पाठोपाठ आली. ही पोरगी एरवी निम्मं जर्मनमध्ये बोलते, पण भांडायचं असलं की शुद्ध मराठी.

"आई, त्याला शनिवारी रात्री झोप लागत नाही. पिचिंगच्या भीतीने. तुला वाईट वाटेल म्हणून तो बोलत नाही. आमच्या घरापासून त्या क्लबचं मैदान सायकलने जाण्याइतकं जवळ आहे, आणि बॅटिंग करायला मिळणार म्हणून तो आतून नाचतोय. तू कशासाठी अडून बसलीयेस?"

"रविवारसाठी," मी म्हटलं. म्हणून टाकलं एकदाचं. डोळ्यांत पाणी आलं ते तुपाच्या कढईवर ढकलता आलं असतं, पण तूप गारच होतं.

ती मला मिठी मारून उभी राहिली, तुपाची वाटी आमच्या दोघींच्या मध्ये. मग मी बाहेर गेले आणि धोंड्यांवर तूप वाढत म्हटलं, "हृषिकेश, पोटभर जेवा. आणि उद्यापासून तुम्ही न्युरेम्बर्गचे."

पोराने ताटावरून उठून माझ्या पाया पडायला घेतलं, खरकट्या हाताने. मी ब्रांडलना फोन लावला. ते तीनदा "गेनाऊ, गेनाऊ, गेनाऊ" म्हणाले, म्हणजे अगदी बरोबर.

पुढच्या रविवारी फेलिक्स बीबरकडून उतरणार म्हणून हे आणि विष्णूभाऊ सकाळीच मैदानावर पळाले. मी म्हटलं, माझं डोकं दुखतंय. घरात इतकी शांतता की फ्रीजचा आवाज ऐकू येत होता. तेवढ्यात स्वरूपाचा फोन. "अजून घरीच? ट्रेन पकड. मॅच सुरू व्हायला दोन तास आहेत, तो पहिल्या डावातच बॅटिंगला उतरणार."

साडी बदलायलाही थांबले नाही. न्युरेम्बर्गच्या बाकावर अनोळखी माणसं होती आणि त्यांचं आपसात जुंपलं होतं: फेलिक्सला उगाच सोडला, आता आपल्याला पिचर नाही. मला राहवतंय होय? मी त्यांना सुनावलं, "रडू नका. जो दिलाय तो बघा आधी." आणि हृषिकेशने तिसराच बॉल कुंपणापार भिरकावला. मी शिट्टी वाजवली. इतक्या वर्षांत बीबरसाठीही एवढ्या जोरात वाजवली नव्हती. दुपारी यांचा फोन आला, फेलिक्सने समोरच्यांची दाणादाण उडवली म्हणून. दोन्हीकडे जिंकले होते मी.

मॅचनंतर मी स्टेशनकडे वळले, तर स्वरूपाने माझी पिशवी काढून घेतली. "कुठे चाललीस? घरी चल."

लग्नाला तीन वर्षं झाली होती, पण मी लेकीच्या घरी कधी पान मांडून जेवले नव्हते. तेच यायचे, मीच वाढायचे. टेबलाशी बसले आणि सवयीने पुन्हा उठले, तर हृषिकेश कणकेचे हात घेऊन आडवा आला. "आई, तुम्ही बसा."

त्याची पोळी म्हणजे आफ्रिकेचा नकाशा होती. पण तव्यावरून थेट माझ्या ताटात आली, फुगलेली, वाफेसकट. माझ्या संसारात मी कायम शेवटी जेवते, सगळ्यांचं आटोपल्यावर, गार पोळी. गरम पोळीचा पहिला घास कसा लागतो ते मी विसरूनच गेले होते. मला भरून आलं आणि मी ते लपवलं नाही.

"पुढच्या रविवारी काय करू, आई?" तो तव्यापाशी उभ्या उभ्या म्हणाला.

"भरली वांगी," मी म्हटलं. "आणि दुसरी पोळी आण."