पाण्याच्या अल्याड

शिवतेजला पकडून एकोणीस दिवस झाले होते. शिवतेज माझा धाकटा भाऊ. सीमा सुरक्षा दलात, पंजाबात रावीच्या काठी पहाऱ्यावर होता. पूर ओसरल्यावर सुटलेली होडी धरायला तो पाण्यापर्यंत गेला आणि पाकिस्तानच्या जवानांनी त्याला नेलं. दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांच्या तीन बैठका झाल्या. काही ठरलं की फोन करू, असं त्याच्या तुकडीतून सांगितलं होतं.

"पोरगं पाण्यापातूर गेलं, पल्याड न्हाई," माझे वडील, तात्या, येईल त्याला सांगत. "मग गुन्हा कसला?"

मी कराडला भूशास्त्र शिकवते. उपग्रहाची छायाचित्रं मिळवून मी लॅपटॉप तात्यांपुढे ठेवला. या पुरात नदी पश्चिमेला सरकली होती. नकाशावरची रेषा होती तिथेच होती, म्हणजे आता पाण्याच्या अलीकडे, वाळूत.

"एकशे चाळीस मीटर तो त्यांच्या हद्दीत होता," मी म्हणाले.

तात्यांनी पडद्यावरच्या रेषेवर बोट ठेवलं. "हितं दगड न्हाई रोवलेला?"

"पुरात गेला असेल."

दोन हजार एकोणीसच्या महापुरात कृष्णेनंही आमच्या मळीत, नदीकाठच्या गाळाच्या रानात, पात्र बदललं होतं. एका वळणावर आमचे आठ गुंठे पलीकडे गेले, पुढच्या वळणावर पलीकडच्या काठाला शेती असलेल्या मतीनभाईंचे दहा अलीकडे आले. दोघांनी काठावर चहा पिऊन मिटवलं. पाण्याच्या अल्याड आमचं, पल्याड त्यांचं. तलाठ्याकडे कोणी गेलं नाही. शिवतेज तेव्हा सुट्टीवर होता. मापाचा दोर त्यानंच धरला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्यांनी मतीनभाईंना मळीत बोलावलं.

"जुन्या हद्दीवर दगड रोवायचं."

"आवं तात्या, आपलं काय भांडण हाय व्हय? दोन गुंठं जास्ती गेलं म्हणून मी कवा बोललोय?"

"न्हाई बोललास."

"आन् त्यानं पोरगं सुटतंय का?"

"न्हाई सुटत. आल्यावर त्याला दाखवायचं हाय, हद्द कुठं असती."

मतीनभाईंनी डोक्याला टॉवेल गुंडाळला आणि कुदळ उचलली. "मग दगड तरी हलकं आणायचं हुतं," ते पुटपुटले.

टेप मी धरली. जुन्या मोजणीचा नकाशा बघून आकडे सांगत गेले. पहिला दगड बसला. दुसऱ्याला खालून पाणी लागलं, तो एक हात खोल घ्यावा लागला.

फोन माझ्या खिशात होता. मळीत रेंज येते, हे मी आल्या आल्या पाहिलं होतं.

"पुढं किती?" तात्यांनी विचारलं.

"साडेबावीस मीटर," मी म्हणाले.