तीन रंगांची एकच गोळी

पिशवी स्टुलावर उपडी केली तेव्हा आठ वस्तू निघाल्या: गोळ्यांची चार रिकामी पाकिटं, सर्दीच्या पुड्यांचा डबा, लवंगेचं तेल, काळ्या काढ्याची बाटली आणि एक चष्मा.

"चष्मा माझा," शिंप्याचा मेहुणा म्हणाला. "काढाही माझाच, पण त्यावर बोट ठेवू नका. मुळ्यांचा आहे."

शिंपी रुग्णालयाच्या पलंगावर पिवळाधमक पडला होता. दुखत होती दाढ आणि हात टेकले होते यकृतानं. दातांचा दवाखाना त्याच्या दुकानाच्या बरोबर वरच्या मजल्यावर. अठरा पायऱ्या.

"आज वार कोणता?" नव्या डॉक्टरबाईनं त्याला विचारलं.

"गुरुवारी नक्की देतो," तो पुटपुटला. त्या दिवशी सोमवार होता.

"हे ते शुद्धीत असतानाही म्हणतात," बायकोनं खुलासा केला.

डॉक्टरला हसायला सवड नव्हती. गेल्या तीन दिवसांत पोटात नेमकं काय गेलं ते कळलं, तर उतारा होता. नाही तर यकृत बदलायच्या यादीत नाव घालायचं आणि वाट बघायची.

"दाढेसाठी मी गोळ्या दिल्या. दिवसाला सहा," बायको म्हणाली.

"कणकण होती म्हणून मी पुड्या पाजल्या. चार," मुलगी म्हणाली.

"अंगदुखीवर माझ्या सहा," मेहुणा म्हणाला. "एकमेकांना सांगितलं नाही. सेवा काय दवंडी पिटून करायची?"

डॉक्टरनं पाकिटं उलटली. पुढे ठळक नावं तीन. मागे मुंगीएवढ्या अक्षरांत नाव एकच. तिनं कागदावर बेरीज मांडली. दिवसाला चार ग्रॅमची मर्यादा, गेले होते जवळजवळ आठ.

"तिन्ही पॅरासिटामॉलच आहेत."

"अहो, कसं शक्य आहे? रंग बघा की वेगवेगळे!" मेहुणा म्हणाला.

"दादा, तू गप्प बस!" बायको कडाडली. "हे दाढ काढायला निघाले होते. तूच म्हणालास, वरची दाढ काढली की दृष्टी जाते."

"मग? गेली का दृष्टी?"

डॉक्टरनं काढा तपासणीला पाठवला, मेहुण्याला दाराबाहेर पाठवलं आणि उताऱ्याची बाटली शिरेतून सुरू केली.

रक्त गोठायला किती वेळ लागतो हे सांगणारा आकडा धडधाकट माणसात एकाच्या आसपास असतो. शिंप्याचा दाखल होताना ४.७ होता. मंगळवारी ५.३, बुधवारी ३.८. गुरुवारी सकाळी सहाच्या नमुन्यात २.१; यादीत नाव घालायची गरज उरली नाही.