बापूजींचं शिसं

पिशवीत सात काठ्या होत्या. चार लोखंडी: तीन, पाच, सात आणि नऊ नंबरच्या. एक जाड लाकडी डोक्याची, एक वाळूत अडकलेला चेंडू काढायची आणि एक चेंडू हळूच खड्ड्यात ढकलायची. चेंडू अकरा, त्यातले चार चिरलेले. डाव्या हाताचा एक चामडी मोजा, बाबांच्या पंज्यापेक्षा बराच मोठा. चेंडू टेकवायच्या लाकडी खुंट्या नऊ. चारही लोखंडी काठ्यांच्या डोक्यामागे शिशाची एकेक पट्टी चिकटवलेली होती आणि प्रत्येक पट्टीवर खिळ्यानं त्या त्या काठीचा नंबर कोरलेला होता.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी नालवाडीतल्या आमच्या घराच्या ओसरीवर मी हे सगळं मांडलं आणि वहीत लिहून घेतलं. बाबा खुर्चीत बसून बघत होते.

"लिहून काय करतं?" ते म्हणाले. "काठी जड लागून राह्यली, एवढंच हाय."

बाबा एकतीस वर्षं छावणीच्या गोल्फ मैदानावर माळी होते. मैदान साहेबांचं, पण सोमवारी खेळ बंद असे. त्या दिवशी गवत कापायचं, पाणी द्यायचं, रोलर फिरवायचा आणि काम आटोपलं की चार वाजता माळ्यांनी स्वतः खेळायचं. हे सगळ्या साहेबांना माहीत होतं आणि कोणी विचारत नसे. एका साहेबांची बदली झाली तेव्हा जुनी पिशवी ते बाबांना आणि बापूजींना देऊन गेले. दोघांत एक. एका सोमवारी ती बापूजींच्या खांद्यावर, पुढच्या सोमवारी बाबांच्या.

बापूजी बाबांच्याच टोळीतले माळी. उंच, रुंद, नदीवर जाळं टाकायची हौस असलेले. हलक्या काठीनं हात पळतो, असं त्यांचं मत. म्हणून त्यांनी जाळ्याचं शिसं ठोकून चपटं केलं आणि काठ्यांच्या डोक्यांना चिकटवलं. बाबा त्याच काठ्यांनी खेळायला शिकले.

बापूजी गेले त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी जुने-नवे माळी त्यांच्या नावानं मैदानावर जमतात. प्रत्येकानं सात नंबरच्या काठीनं चेंडू मारायचा. चेंडू मैदानातल्या नाल्यापलीकडे गेला, की तो माणूस खेळला असं धरायचं. तीन वेळात नाहीच गेला, तर सगळ्यांचा चहा त्याच्याकडे. मागच्या वर्षी बाबांच्या उजव्या खांद्यात नुकतीच प्लेट बसली होती. त्यांना काठी कमरेच्या वर नेता आली नाही. कोणीतरी चांगुलपणानं प्लास्टिकची खुर्ची आणून टाकली आणि म्हणालं, "बबनराव, तुम्ही बसा. तुमचा चहा माफ."

बाबा घरी आले आणि दोन दिवस धड जेवले नाहीत. आईनं विचारलं तर म्हणाले, "चहा माफ केला त्याहिनं मले."

या वर्षी त्यांना खुर्ची नको होती. माझ्या हाताशी सव्वीस दिवस होते.

पहिला उपाय मला लगेच दिसला.

"हे शिसं काढून टाकू," मी म्हणाले.

"नाई."

"काऊन नाई? सगळं ओझं त्याचंच आहे."

"ते बापूजीनं लावलं हाय," बाबा म्हणाले आणि उठून आत गेले.

मग शिसं न काढता वजन कमी करायचं होतं. मी हिंगणघाटला एका जिनिंगच्या प्रयोगशाळेत कापसाचे नमुने तपासते. ओलावा, धाग्याची लांबी, वजन. तिथला काटा ग्रॅमपर्यंत चोख आहे. सात नंबरची काठी जुन्या चादरीत गुंडाळून मी सकाळच्या एसटीत चढले. कंडक्टरनं वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"कोणाले हाणाले चालल्या, ताई?"

"वजन करायला नेते."

"मार खाणाऱ्याचं का काठीचं?"

मागच्या दोन बाकांपर्यंत हसू गेलं.

काठी चारशे चौपन्न ग्रॅम भरली. मुठीवरचं जाड रबर वाळून तडकलं होतं, ते मी ब्लेडनं कापून काढलं. रबराचं वजन बावन्न ग्रॅम. त्या जागी बॅडमिंटनच्या रॅकेटला लावतात त्या पट्ट्या, दोन, घट्ट गुंडाळल्या. त्यांचे पंचवीस. काठी आता चारशे सत्तावीस ग्रॅमची झाली. सत्तावीस ग्रॅम कमी. मी वहीत त्या आकड्याखाली दोन रेघा ओढल्या.

बाबांनी अंगणात काठी हातात घेतली, मागे नेली, खांद्यापर्यंत आणली आणि तिथेच थांबले. काठीचं डोकं त्यांच्या मागे खाली झुकलं. त्यांनी ती सावकाश खाली आणली.

"जास्त जड झाली," ते म्हणाले.

"बाबा, सत्तावीस ग्रॅम कमी झालेत. मी स्वतः मोजलेत."

"तुया काट्याले हलकी लागत असंन. मले जड लागून राह्यली."

मला राग आला. काटा खोटं बोलत नाही, असं मी म्हणाले. बाबा डाव्या हातानं उजवा खांदा दाबत राहिले. काठी कोपऱ्यात उभी केली ती आठवडाभर तिथेच होती. बाबा येता-जाता तिच्याकडे बघत आणि मी बघत असले की दुसरीकडे बघत. एकदा संध्याकाळी मी पाणी भरत असताना ते अंगणात रिकाम्या हातांनीच उभे होते. दोन्ही मुठी एकावर एक धरून, हळूहळू हात मागे नेत होते. हातात काही नसताना खांदा बराच वर जात होता.

दिवाळीच्या साफसफाईत एका रविवारी मी आतून बाहेर आले तर आई स्टुलावर उभी राहून ओसरीच्या आढ्याची जाळी काढत होती. सात नंबरची काठी तिनं उलटी धरली होती. लोखंडी डोकं हातात, मुठीच्या टोकाला फडकं बांधलेलं.

बाबा आंघोळ करून आले आणि दारातच थबकले.

"अवं, काय करून राह्यली तू! काठी हाय ते, झाडू नोहे!"

"मंग रोज कोपऱ्यात उभी करून तिची पूजा करू का?" आईनं काठी सपकन इकडून तिकडे फिरवली. "आन् जड जड काय करता वो तुम्ही? फुलावानी तं हाय."

बाबा तिच्याकडे बघत राहिले. मीही. आईचं वजन पंचेचाळीस किलो, शिवाय तिचे हात डोक्याच्या वर होते आणि काठी एका मनगटावर फिरत होती.

"आई, आता सरळ धर. मूठ हातात घे."

तिनं फडकं सोडलं, काठी सरळ धरून फिरवली आणि स्टुलावरून पडता पडता वाचली.

"अगं माय! ही दुसरीच हाय का?"

मी भौतिकशास्त्रात पदवी घेतली आहे. हे मला पहिल्या दिवशी सुचायला हवं होतं. पण मी दिवसभर कापूस तोलते आणि तोलायची वस्तू काट्यावर पडून असते, ती कोणी फिरवत नाही. मी पोळपाटावर स्टीलची पट्टी उभी धरली आणि तिच्या धारेवर काठी आडवी तोलली. मुठीच्या टोकापासून सत्त्याहत्तर सेंटिमीटर नऊ मिलिमीटरवर ती स्थिर राहिली. रबर होतं तेव्हाचा हिशेब मांडला. तेव्हा हा बिंदू चौऱ्याहत्तरवर होता. मुठीकडचं वजन काढून मी काठीचा तोल आणखी डोक्याकडे ढकलला होता. बाबांचं बरोबर होतं. मी त्यांना तसं सांगितलं.

"मंग?" ते म्हणाले.

"वजन कमी करायचंच नाही. शिसं काढायचं नाही, फक्त हलवायचं. डोक्यामागून इकडे, मुठीच्या आत. ही दांडी पोकळ आहे."

बाबांनी काठी मांडीवर घेतली आणि शिशावर कोरलेल्या सातवरून अंगठा फिरवला.

"म्हंजे बापूजी माह्या मुठीत येईन?"

"चोवीस ग्रॅम," पट्टीच्या मापावरून हिशेब करून मी म्हणाले.

"तो चोवीस गिरॅमचा नव्हता वं पोरी." मग थोड्या वेळानं, "काढ. पण तोडजो नको."

गरम पाण्यात बुडवून शिशाची पट्टी सैल केली, बोथट सुरीनं उचलली. ती तुटली नाही. तिची सुरळी करण्याआधी बाबांनी ती तळहातावर मागून घेतली आणि परत दिली. मी सातचा आकडा बाहेरच्या बाजूला ठेवून सुरळी केली. आईच्या जुन्या लुगड्याच्या चिंधीत ती गुंडाळून दांडीच्या वरच्या टोकात ठोकली, वर बूच बसवलं. चिंधी आणि बूच मिळून दोन ग्रॅम. वरून पट्ट्या दोनाऐवजी चार गुंडाळल्या, म्हणजे बाबांच्या आखडलेल्या बोटांना जाड मूठ मिळाली. सोमवारी काठी पुन्हा हिंगणघाटला नेली. चारशे चौपन्न ग्रॅम, पहिल्या दिवशी होती तेवढीच. तोल मात्र आता एकोणसत्तर सेंटिमीटर तीन मिलिमीटरवर आला होता.

बाबांनी ती अंगणात मागे नेली. ती खांद्यापर्यंत गेली. तिथे थांबली नाही.

त्यानंतर ते रोज संध्याकाळी वीस वेळा काठी फिरवत. चेंडूशिवाय. कधी कधी फिरवून झाल्यावर शेजारी कोणी उभं असावं तसं उजवीकडे बघत.

दिवाळीनंतरच्या सोमवारी आम्ही छावणीच्या फाटकावर पास काढून मैदानावर गेलो. नऊ जण जमले होते. बापूजींचा मुलगा धम्मदीप आता तिथेच माळी आहे. त्यानं सकाळीच एका दगडाला ताजा चुना दिला होता. बापूजींनी शेवटच्या सोमवारी मारलेला सात नंबरचा चेंडू जिथे पडला तिथे तो दगड आहे. धम्मदीपकडे आखणीची तीस मीटरची टेप होती. मी ती मागून घेतली आणि आम्ही दोघांनी आधी सरळ रेषेत मापं घेतली. मारायच्या जागेपासून नाल्याचा पलीकडचा काठ अठ्ठावन्न मीटर. दगड एकशे बारा मीटर.

खुर्ची आणलेली होती. ती कुठे ठेवावी हे कोणाला कळत नव्हतं.

"काका, बसता का?" धम्मदीपनं विचारलं.

"तूच बस. तुहा बाप उभा राहून खेळे," बाबा म्हणाले.

"आन् हारला की चहाचे पैसे तुमच्याच खिशातून काढे," मागून कोणी म्हणालं आणि सगळे हसले. बाबाही.

पहिला फटका जमिनीला लागला. मातीचं एक ढेकूळ चेंडूपेक्षा पुढे गेलं. "चहात साखर कमी टाकजा, बबनराव," असं कोणी म्हणालं. दुसऱ्या वेळी चेंडू गवतातून सरपटत नाल्याच्या अलीकडे थांबला. एकच फटका उरला होता.

बाबांनी डाव्या हाताचा अंगठा मुठीच्या अगदी टोकाशी नेला, जिथे आत शिसं होतं, आणि काठी मागे नेली. खांद्याच्या वर. आवाज छोटा आणि कोरडा आला. चेंडू उंच गेला नाही. नाल्यावरच्या बेशरमाच्या झुडपांवरून कसाबसा सरकून पलीकडे पडला.

मोठा गलका झाला. धम्मदीपनं खुर्ची उचलून उलटी केली आणि डोक्यावर धरली. मी टेप घेऊन पळाले. नाल्याच्या पलीकडच्या काठापासून तीन मीटर चाळीस, म्हणजे एकूण एकसष्ट मीटर चाळीस सेंटिमीटर. मी ओरडून आकडा सांगितला.

बाबा हसत नव्हते. नाल्यावरची लाकडी फळी ओलांडून ते सावकाश माझ्याजवळ आले. चेंडू त्यांनी उचलला नाही. काठी टेकून ते पुढे, चुना लावलेल्या दगडाकडे बघत उभे राहिले.

"आता इथून तिथवर मोज," ते म्हणाले.

धम्मदीपनं टेपचं टोक चेंडूशी धरलं. मी दगडाकडे चालत गेले. टेप दोनदा लावावी लागली. मी दगडाशी वाकून वाचलं, वहीत लिहिलं आणि परत येऊन बाबांना आकडा सांगितला.

पन्नास मीटर साठ सेंटिमीटर.