लेकराच्या वाटीतलं उरलेलं

मी एक वाटी बोलतेय. प्लॅस्टिकची, पिवळी, तळाला बदक असलेली. सगळं संपवलं की बाळाला बदक दिसेल, अशी मला घडवणाऱ्यांची कल्पना. प्रत्यक्षात ते रोज आईलाच दिसायचं.

बाळ चार घास खाऊन तोंड फिरवायचं. मग उरलेला साखर घातलेला मऊ भात, कुस्करलेलं केळं, भिजून लगदा झालेलं बिस्किट आई उभ्या उभ्या संपवायची. "टाकवत नाही हो," असं कुणी न विचारताच म्हणायची. स्वतःच्या ताटात मात्र मोजून वाढून घ्यायची, कारण तिची शुगर काठावर होती.

गरोदरपणात शुगर वाढली होती. नंतर उतरली, पण पुन्हा चढेल म्हणून नर्सबाईंनी बजावलं होतं. दवाखान्यात मधुमेह टाळण्यासाठी वर्ग भरायचा. त्यासाठी नर्सबाई फोन करायच्या.

"येताय ना मंगळवारी? बाळाला घेऊनच या."

"येते हो. हा जरा चालायला लागू दे."

तो चालायला लागला. मग दात आले. मग "बालवाडीत जाऊ दे."

"काठावर काठावर म्हणतेस, तिथेच बसून राहणार का?" नवरा एकदा म्हणाला.

"धरा याला, ही मी निघाले!"

नवऱ्याने टीव्हीचा आवाज वाढवला.

तिला आळशी म्हणू नका. तिला भीती वाटायची. तपासणीचं नाव निघालं की ती भांडी घासायला उठायची. घासलेल्या मलाच पुन्हा घासायची.

बालवाडी सुरू झाली आणि ती खरंच गेली, नवे बूट घालून. येताना पोराला घ्यायचं होतं, म्हणून मी पिशवीत होते. वर्गाआधी केलेल्या रक्ततपासणीचा रिपोर्ट नर्सबाईंनी दोनदा वाचला.

"अहो, हा वर्ग मधुमेह न झालेल्यांचा. तुम्हाला झालाय. डॉक्टरांना भेटा."

"पण मी आता तयार आहे ना! रोज चालेन."

"चालायचं आहेच. आता बहुतेक गोळीही लागेल."

"म्हणजे नापास होऊन वरच्या वर्गात," आई हसली. नर्सबाई हसल्या नाहीत. आत खुर्च्या सरकवल्याचा आवाज येत होता. आई दारातच उभी राहिली, मग वळली.

दुपारी पोरानं चार घास खाल्ले आणि मला तिच्यापुढे धरलं.

"नको रे, बाळा."

"रागावलीस?"

"नाही रे."

"मग खा ना. हे तुझं आहे. मी ठेवलंय."

तेव्हा आम्हा दोघींना कळलं. त्याची भूक संपत नव्हती. आईचा वाटा म्हणून तो थांबत होता. आईनं त्याला जवळ ओढलं आणि उरलेले घास एकेक करून त्यालाच भरवले. तो खात होता, आणि ती दुसरीकडे बघत होती.

आता मी वरच्या फळीवर असते. माझी एखादी बहीण तुमच्या घरी असेल, तर तिच्यातलं उरलेलं उरू द्या, बायांनो. आणि कुणी वर्गाला बोलावलं, तर कडेवरचं पोर घेऊन जा. रडलं तर रडलं.