बिनबुडबुड्याची बाटली

नोकरी का सोडलीस, असं लोक विचारतात. अहो, सोडली कुठे, काढलं मला. तेही एका बुडबुड्यापायी. ऐकून हसतात मेले. हसू देत.

मी पाण्याचे नमुने गोळा करायचे. राहायला कामतघरला, काम खारबावच्या बाजूला, एका पेट्रोल-डिझेलच्या डेपोवर. या डेपोची जमिनीखालची टाकी दोन-अडीच वर्षांपूर्वी गळली आणि उताराला असलेल्या धोंडूबाईंच्या विहिरीला पेट्रोलचा वास मारायला लागला. कंपनीनं ठरवलं, माती उकरायची नाही, पाणी उपसायचं नाही. मातीतले बारीक जंतू तेल खातात, पाणी हळूहळू आपोआप साफ होतं, आपण फक्त दर तीन महिन्यांनी मोजायचं. शास्त्र खोटं नाही. सात वेळा मी मोजलं, आकडा खरंच उतरत होता. आठवा नमुना शेवटचा. तो साफ आला की फाईल बंद, आणि धोंडूबाईंच्या दारात येणारा पिण्याच्या पाण्याचा टँकरही बंद. मग पुन्हा विहीरच प्यायची. घरात सून मनाली, सातवा महिना लागलेला.

पहिल्याच वेळी धोंडूबाईंनी विचारलं होतं, बाटली उलटी का करते. मी सांगितलं, "आजी, पेट्रोल पाण्यातनं उडून जातं. बाटलीत हवा राहिली तर ते हवेत जातं आणि पाणी उगाच चांगलं ठरतं. म्हणून काठोकाठ भरायची, झाकण घट्ट लावायचं, उलटी करून टिचकी मारायची. बुडबुडा दिसला की बाद." त्या दिवसापासून टिचकी मारायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. मला हातही लावू द्यायच्या नाहीत.

आठव्या वेळी माझे साहेब, श्रीनाथ सर, स्वतः जीप घेऊन आले. हळूच म्हणाले, "मृणाली, आज बाटल्या पाऊणच भर. झाकणं सैल ठेव आणि तासभर बॉनेटवर राहू दे."

"सर, ऊन किती आहे!"

"म्हणूनच. पुढच्या महिन्यात पर्मनंट व्हायचंय ना तुला?"

खोटं कशाला बोलू? भरल्या मी पाऊण. झाकणं सैल ठेवली आणि बॉनेटवर मांडल्या.

धोंडूबाई आल्या आणि सवयीनं बॉनेटवरची एक बाटली उचलून उलटी केली. सैल झाकणातनं पाणी त्यांच्या मनगटावर ओघळलं.

"काय गो पोरी, ह्यो कोनता नवीन नियम?"

सर पुढे झाले. "आजी, निसर्गानं सगळं साफ केलंय. आता काळजी सोडा."

"खाऊ दे की निसर्गाला. मी कुठं घाई करते? पन त्याचं जेवन झालं का न्हाय, ते सांगनारा तू कोन?" मग माझ्याकडे वळल्या आणि ती बाटली माझ्या हातात कोंबली. "घे. घरात सून हाय माझी. तुझ्या हातानं पाज तिला."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. आणि मग डोकंच फिरलं, सरांवर कमी आणि स्वतःवर जास्त. बॉनेटवरच्या सगळ्या बाटल्या डब्यात ओतल्या, खोक्यातनं नव्या काढल्या आणि तरातरा विहिरीवर गेले.

"नोकरी गेली समज तुझी!" सर ओरडले.

"समजले. आता जरा बाजूला व्हा, मला बाटली दिसत नाहीये."

सहाच्या सहा बाटल्या काठोकाठ भरल्या. धोंडूबाईंनी एकेक उलटी करून टिचकी मारली. "न्हाय बुडबुडा." फॉर्मवर साक्षीदाराचा रकाना असतो, सात वेळा तो कोराच गेला होता. मी पेन पुढे केलं आणि त्यांनी मोठ्या अक्षरात सही ठोकली.

बाटल्या बर्फाच्या पेटीत ठेवताच सरांनी पेटीला हात घातला. "आण इकडे, लॅबला मीच पोचवतो."

पण पेटी त्यांच्या आधी धोंडूबाईंनी उचलली, जीपमध्ये पुढच्या सीटवर बसल्या आणि ती मांडीवर घेतली. "चल. मी बी येते ठाण्याला."

"आजी, उतरा खाली."

"उतरव बघू."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मागे जाऊन बसले. शेवटी त्यांनी जीप ठाण्याच्या लॅबकडे काढली.

लॅबच्या खिडकीतल्या बाई पेटी घ्यायला लागल्या तर धोंडूबाईंनी त्यांचा हात धरला. एकेक बाटली काढली, उलटी केली, टिचकी मारली. "बघितलंस? हवा न्हाय. लिव तसं." बाईंनी तसं लिहून घेतलं.

आठ दिवसांनी आकडा आला. सातव्यापेक्षा कमी, पण पिण्याजोगा अजून नाहीच. फाईल उघडी राहिली, टँकर चालू राहिला, आणि मी घरी बसले.

परवा धोंडूबाईंचा फोन आला. नवव्या नमुन्याला कंपनीनं नवीन माणूस पाठवला होता.

"ह्याला भरता येत न्हाय गो पोरी," त्या म्हणाल्या. "पयल्या दोन बाद केल्या मी."